मराठी स्थलांतरित समाज : मॉरिशस व इझ्राएल

मराठी स्थलांतरित समाज, मॉरिशस व इझ्राएलमधील : कोकण किनारपट्टी व तिच्या लगतचा प्रदेश यांतून परदेशी जाऊन कायमचे स्थायिक झालेल्या मराठी भाषिकांचे दोन प्रमुख समाज. पहिला समाज एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशस बेटावर गेला. दुसरा, म्हणजे बेने इझ्राएल समाज, १९४८ नंतर नागरिक म्हणून इझ्राएलमध्ये गेला. दोघांची मातृभाषा एक, मूळ प्रदेश बव्हंशी एक आणि खेड्यातील राहणीही पुष्कळशी सारखी होती. असे असता दोघांच्या आर्थिक व सामाजिक स्थितीचा विकास अगदी भिन्न क्रमाने झाला. स्थलांतरितांची स्थिती त्यांच्या अंगभूत गुणांवर किती अवलंबून असते आणि ज्या कायद्याखाली व ज्या करारावर ते जातात त्यावर किती, या प्रश्नाच्या अभ्यासास या दोन समाजांची तुलना विशेष उपयुक्त ठरते.

मूळ प्रदेश व समाज : रत्नागिरी व कुलाबा (सध्याचा रायगड) या जिल्ह्यांत लागवडीयोग्य जमीन थोडी, पाऊस भरपूर आणि जमिनीवरील हक्क बव्हंशी खोतांकडे, अशी एकोणिसाव्या शतकात स्थिती होती. कुणबी, मराठा, महार इ. जातींतील कूळ व मजूर कुटुंबांस केवळ शेतीवर निर्वाह करणे कठीण जाई. मुंबईकडे, लष्करात किंवा समुद्रापार जाणे हा त्यांच्यापुढील मार्ग होता.

बेने इझ्राएल हे याच खेड्यांतील रहिवासी. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या काही कुटुंबांपासून आपली उत्पत्ती झाली, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता व शनिवारी (शब्बाथ) ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. गावाच्या नावास ‘कर’ हा प्रत्यय लावून झालेली त्यांची आडनावे, स्त्रियांचा पेहराव, हळदी-मेंदीचे विधी आणि घरची भाषा ही सर्व कोकणीच होती. ब्रिटिश अंमलात त्यांच्यापैकी अनेकजण मुंबईच्या पलटणींत शिरले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. पुढे शिक्षणाचा प्रसार होऊन रेल्वे, टपाल, जकात इ. खात्यांतील कारकुनी, कारखान्यांतील कुशल काम, अध्यापन व परिचर्या या व्यवसायांत हा समाज स्थिरावला. वल्हांडण सणाच्या प्रार्थनाविधीची मराठी भाषांतरासह आवृत्ती मुंबईत १८४६ मध्येच छापली गेली होती. म्हणजे स्थलांतराच्या वेळी मॉरिशसला जाणारा मराठी माणूस बहुधा निरक्षर व भूमिहीन होता, तर इझ्राएलला जाणारा बहुधा साक्षर, नागरी व नोकरदार होता. हा आरंभीचा फरक तुलना करताना ध्यानात ठेवावा लागतो.

मॉरिशसमधील स्थलांतर : मॉरिशस १८१० मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आले. तेथील साखरेचे उत्पादन गुलामांच्या श्रमावर चाले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली आणि मळेवाल्यांनी भारतीय मजुरांकडे दृष्टी वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ करारबद्ध भारतीय मजूर पोर्ट लूइस बंदरात उतरले. मजूरभरतीतील गैरप्रकारांमुळे काही काळ बंद पडलेली ही वाहतूक १८४२ च्या कायद्याने कोलकाता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सु. साडेचार लाख भारतीय या बेटावर गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा साधारणपणे एक दशांश वा त्याहून कमी होता. मुंबईत रेल्वेची कामे व कापडगिरण्या वाढू लागल्यावर कोकणी श्रमिकांस जवळच रोजगार मिळू लागला व या बंदरातून मॉरिशसला होणारे स्थलांतर ओसरले. मॉरिशसमधील मराठी समाज संख्येने लहान राहिला याचे हे प्रमुख कारण होय.

‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे लोकभाषेत ‘गिरमिट’ झाले. आरंभीच्या पाच वर्षांच्या गिरमिटात दरमहा पाच रुपये वेतन, शिधा, कपडा व राहण्यास खोपटे अशा अटी असत. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचे वेतन कापले जाई. परतीचे भाडे देण्याची मळेवाल्यांवरील जबाबदारीही १८५० नंतरच्या दशकात काढून घेण्यात आली. त्यामुळे करार संपलेल्या मजुरापुढे नवा करार किंवा परदेशातच दुसरा निर्वाह शोधणे एवढेच पर्याय उरत. करारमुक्त मजुरावरही १८६७ च्या कायद्याने कडक निर्बंध आले. छायाचित्र असलेला परवाना जवळ न बाळगणारा मजूर भटक्या ठरून तुरुंगात जाई. या स्थितीविरुद्ध आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने १८७१ मध्ये हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज सादर केला आणि त्यातून शाही आयोगाची चौकशी झाली. मजूरभरती १९१० मध्ये थांबली. मजुरांना प्रथम उतरविले जाई ती पोर्ट लूइस येथील जागा ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली.

मॉरिशसमधील आर्थिक स्थिती : गिरमिटाने आलेल्या मजुराच्या आर्थिक उन्नतीची पहिली पायरी म्हणजे जमीन. १८७० नंतरच्या काळात साखरेचे भाव घसरल्याने मोठ्या मळ्यांचे सीमावर्ती व निकृष्ट भाग तुकड्यांनी विकले जाऊ लागले. काटकसरीने पैसा साठविलेल्या भारतीय कुटुंबांनी ते घेतले. बहुतेक वेळा किंमत हप्त्यांनी फेडली जाई आणि सर्व कुटुंब, स्त्रिया व मुलांसह, त्या तुकड्यावर राबे. अशा रीतीने लहान ऊसबागाईतदारांचा वर्ग उदयास आला. मराठी कुटुंबे प्रामुख्याने बेटाच्या नैर्ऋत्येकडील ब्लॅक रिव्हर व साव्हान हे जिल्हे आणि व्हाक्वाचा परिसर यांत वसली.

दुसरी पायरी मताधिकाराची. मालमत्तेच्या अटीमुळे बहुसंख्य भारतीय वंशीय १९४८ पर्यंत मताधिकारापासून वंचित होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत कोणत्याही एका प्रचलित भाषेत साधे लिहिता-वाचता येणे एवढीच अट राहिली आणि भारतीय भाषाही त्यासाठी ग्राह्य मानण्यात आल्या. बासदेव बिसुनदयाल यांच्या जनआंदोलनाने गावोगावी रात्रीचे वर्ग चालवून हजारो मजुरांस सही करण्यास शिकविले. १९५९ च्या निवडणुकीत प्रौढ मताधिकार लागू झाला व १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

तिसरी पायरी शिक्षण व उद्योग यांची. निर्यातीसाठी माल तयार करणाऱ्या कारखान्यांस सवलती देणारा कायदा १९७० मध्ये झाला, तर माध्यमिक शिक्षण १९७७ पासून निःशुल्क झाले. यांमुळे मराठी तरुणांस सरकारी नोकरी, अध्यापन, कापडउद्योग, पर्यटन इ. क्षेत्रे खुली झाली. मात्र मोठे ऊसमळे, साखर कारखाने व अधिकोषण यांतील भांडवल दीर्घकाळ फ्रेंच वंशीय घराण्यांच्या हाती राहिले. मराठी समाजाची उन्नती झाली ती लहान जमीन व पगारी नोकरी या दोन आधारांवर.

मॉरिशसमधील सामाजिक स्थिती : आरंभीच्या जहाजांत स्त्रिया फार थोड्या असत. त्यामुळे कुटुंबसंस्था उशिरा स्थिरावली आणि जातीचे काटेकोर नियम पाळणे अशक्य झाले. मळ्यावरच्या एकाच रांगेत राहणाऱ्या, एकाच सरदाराच्या (मुकादमाच्या) हाताखाली राबणाऱ्या माणसांत ‘मराठी’ ही ओळख जातीपेक्षा प्रबळ ठरली. धार्मिक विधीने झालेल्या भारतीय विवाहास नागरी नोंदणीवाचून कायद्याची मान्यता नसे. परिणामी अनेकांची संतती कागदोपत्री अनौरस ठरे व वारसाहक्कात अडचणी येत. असे असूनही, कोण मराठी व कोण हिंदू हे ठरविणारी वरिष्ठ धर्मसत्ता तेथे नव्हती. समाजाने आपली देवळे, भजने व सण स्वतःच उभे केले. कोकणातील जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकला. गणेश चतुर्थी ही आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असून तमिळ, तेलुगू इ. समाजांच्या सणांप्रमाणेच तिच्याकडे मराठी समाजाचा सण म्हणून पाहिले जाते.

एकूण लोकसंख्येत मराठी समाजाचे प्रमाण सु. दोन टक्के आहे. संविधानाने राजकीय प्रतिनिधित्वासाठी मान्य केलेल्या चार समाजगटांत त्याची गणना ‘हिंदू’ या गटात होते. संख्येने मोठ्या असलेल्या भोजपुरी व हिंदी परंपरेच्या समाजात आपण विलीन होऊ नये, ही जाणीव मराठी संस्थांच्या कार्यामागे सतत दिसते.

इझ्राएलमधील स्थलांतर : इझ्राएल राष्ट्राची स्थापना १९४८ मध्ये झाली, त्या सुमारास भारतात सु. वीस हजार बेने इझ्राएल होते. १९५० च्या परतीच्या कायद्याने कोणाही ज्यू व्यक्तीस तेथे येऊन नागरिकत्व मिळविण्याचा हक्क दिला. भारतात या समाजाचा कधीही छळ झाला नाही. धर्मश्रद्धा, ब्रिटिश अंमल संपल्यावर सरकारी नोकऱ्यांविषयी वाटणारी अनिश्चितता आणि आप्तस्वकीयांचे अनुकरण ही स्थलांतराची मुख्य कारणे होत. १९५० व १९६० च्या दशकांत समाजाचा बहुतांश भाग निघून गेला. भारतातील सर्व ज्यूंची मिळून संख्या २००१ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आसपास उरली होती.

इझ्राएलमधील आर्थिक स्थिती : मॉरिशसच्या मजुराला शंभर वर्षांनी मिळाले ते बेने इझ्राएलांस उतरताक्षणीच मिळाले. मताधिकार, घर, कामगार संघटनेतर्फे आरोग्यसेवा आणि मुलांस सक्तीचे मोफत शिक्षण यांचे ते पहिल्या दिवसापासून हक्कदार होते. तथापि घर व काम कोठे मिळावे हे शासन ठरवी. आरंभी तात्पुरत्या छावण्यांत व पुढे बीरशेबा, दिमोना, येरुहाम, अश्दोद, लोद, रामला इ. ठिकाणी त्यांची वस्ती झाली. त्यांपैकी दिमोना व येरुहाम ही गावे नेगेव्ह वाळवंटात वस्ती वाढविण्यासाठी नव्याने वसविली होती. तेथे रोजगार थोडा व एकाच प्रकारचा असे. मुंबईत इंग्रजीच्या बळावर कारकुनी करणाऱ्यास हिब्रू येत नसल्याने कापडगिरणीत, बांधकामावर वा बंदरात अंगमेहनतीचे काम पतकरावे लागे. ज्यांच्या हाती यंत्रकामाचे कौशल्य होते ते लोद येथील विमान उद्योगासारख्या ठिकाणी तुलनेने लवकर स्थिरावले. स्त्रियांना परिचर्येच्या व्यवसायाचा आधार मिळाला. पहिल्या पिढीने व्यवसायाची प्रतिष्ठा गमावली, परंतु निश्चित वेतन व घर मिळविले, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

१९५१ मध्येच असंतोष प्रकट झाला. वर्णावरून भेदभाव होतो, चांगली कामे यूरोपातून आलेल्यांस मिळतात, अशी तक्रार करून बीरशेबा येथील काही कुटुंबांनी तेल आवीव्हमध्ये धरणे धरले व आपणास भारतात परत पाठवावे अशी मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक व्यक्तींस विमानाने मुंबईस परत आणण्यात आले. त्यांतील अनेकजण पुढे पुन्हा इझ्राएलला गेले.

विवाहाचा प्रश्न : इझ्राएलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट पूर्णतः धर्मन्यायालयांच्या अधिकारात आले. बेने इझ्राएल अनेक शतके इतर ज्यूंपासून अलग राहिले होते. त्या काळात त्यांचे घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते काय, इतर धर्मीयांशी त्यांचे संबंध झाले होते काय, अशा शंका काढून काही धर्मगुरूंनी त्यांचे अन्य ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. प्रमुख धर्मपीठाने १९६१ मध्ये असे विवाह तत्त्वतः मान्य केले. परंतु १९६२ च्या आदेशाने प्रत्येक बेने इझ्राएल वधू-वराच्या मातृवंशाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे ठरविले. म्हणजे एका समाजाचे नाव घेऊन सर्व समाजास संशयित ठरविण्यात आले. या विरुद्ध समाजाने संघटितपणे लढा दिला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरूसलेममध्ये धरणे व निदर्शने झाली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इझ्राएलच्या संसदेने, भारतातून आलेला हा समाज सर्व दृष्टींनी व कोणत्याही निर्बंधाविना ज्यू आहे, असे घोषित केले. त्यानंतर आदेशातून बेने इझ्राएल हे नाव वगळण्यात आले.

या लढ्याचे आर्थिक महत्त्वही दुर्लक्षणीय नाही. ज्या समाजाशी सोयरीक निषिद्ध ठरते त्या समाजाला शेजार, भागीदारी व बढती यांतही दुय्यम लेखले जाते. १९६४ नंतर मिश्र विवाह वाढले. सक्तीची सैनिकी सेवा व हिब्रू शिक्षण यांमुळे दुसऱ्या पिढीत अंतर आणखी कमी झाले.

तुलना : वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मॉरिशसमध्ये समाज म्हणून मान्यता आधी व नागरी हक्क फार उशिरा मिळाले. इझ्राएलमध्ये नागरी हक्क आधी व समाज म्हणून मान्यता सोळा वर्षांनी मिळाली. मॉरिशसच्या मजुराची पिळवणूक झाली, पण त्याच्या मराठीपणाला कोणी आव्हान दिले नाही. बेने इझ्राएलास वेतन व मत मिळाले, पण ज्या ओळखीसाठी तो गेला तिचाच पुरावा त्याच्याकडे मागण्यात आला. आर्थिक स्थिती व सामाजिक प्रतिष्ठा एकमेकींमागून आपोआप येतात, हा समज या दोन उदाहरणांनी खोटा ठरतो.

भाषेच्या बाबतीत मात्र दोहोंची गती सारखीच झाली. मॉरिशसमध्ये घरची भाषा म्हणून क्रिओल रूढ झाली. २०११ च्या जनगणनेत बेटावरील चार पंचमांशांहून अधिक लोकांनी तीच घरची भाषा म्हणून नोंदविली. मराठी ही शाळा, देऊळ व सण यांची भाषा उरली. शासकीय शाळा आणि १९७० च्या कायद्याने स्थापन झालेली महात्मा गांधी संस्था यांत तिचे अध्यापन होते. इझ्राएलमध्ये हिब्रूने हेच केले. तेथे निघणारे मायबोली हे मराठी नियतकालिक मुख्यतः भारतात शिकलेल्या पिढीचे वाचन राहिले. एलिया प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरे व फळे ठेवून केला जाणारा मलिदा हा विधी मात्र नव्या पिढीतही टिकून आहे. दोन्हीकडे अन्न, सण व विवाहविधी यांना भाषेपेक्षा दीर्घ आयुष्य लाभले आहे.

अन्य देशांतील दाखले : एकाच मूळ समाजाची स्थिती स्वीकारणाऱ्या देशाप्रमाणे बदलते, याचे दाखले इतरत्रही आहेत. वसाहतकाळात जपानमध्ये मजुरीसाठी गेलेल्या वा नेलेल्या कोरियनांचे जपानी राष्ट्रीयत्व १९५२ मध्ये काढून घेण्यात आले. सरकारी नोकऱ्यांस मुकल्यामुळे ते भंगार, खाद्यगृहे, करमणुकीची केंद्रे अशा उपेक्षित व्यवसायांत राहिले. उलट १९६५ च्या अमेरिकन कायद्यानंतर न्यूयॉर्क व लॉस अँजेल्सला गेलेले कोरियन बव्हंशी सुशिक्षित होते. त्यांनी ‘क्ये’ या भिशीसारख्या पद्धतीने भांडवल उभारून लहान दुकानदारीत जम बसविला. मात्र भाषेच्या अडचणीमुळे पदवीधरही दुकानदार झाले, ही मुंबईच्या कारकुनाच्या गिरणीकाम पतकरण्याशी जुळणारी गोष्ट आहे. वेस्ट इंडियन समाजाचेही असेच आहे. १९४८ पासून ब्रिटनमध्ये गेलेल्यांस वाहतूक व आरोग्य सेवांत काम मिळाले, तरी घर व बढती यांबाबत भेदभाव सोसावा लागला. त्यांतील अनेकांकडे कागदपत्रे नाहीत म्हणून त्यांचा निवासहक्कच नाकारला गेल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले. न्यूयॉर्कमधील वेस्ट इंडियनांनी परिचर्या, शिक्षण व घरखरेदी यांद्वारे मध्यमवर्गात स्थान मिळविले. त्यांच्यातही ‘सुसू’ नावाची भिशी प्रचलित आहे. भिशी दोन्ही समाजांत असता त्यांचे व्यवसाय भिन्न झाले. त्यावरून बचतीची सवय हे उन्नतीचे साधन असले, तरी ती कोणत्या दिशेने व्हावी हे कायदा, शिक्षण व बाजारपेठ ठरवितात, असे दिसते.

तुलनेच्या मर्यादा : मॉरिशस व इझ्राएल येथील स्थलांतरांत एका शतकाचे अंतर आहे. धर्म भिन्न आहेत आणि एकीकडे वसाहतीची मळापद्धती, तर दुसरीकडे नवस्वतंत्र राष्ट्राची नियोजित अर्थव्यवस्था होती. म्हणून दोन समाजांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे अप्रस्तुत होय. तुलनेचा खरा उपयोग निराळा आहे. स्थलांतरितांच्या दैन्याचे खापर त्यांच्या आळसावर, किंवा उत्कर्षाचे श्रेय केवळ त्यांच्या उद्योगशीलतेवर ठेवण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. महाराष्ट्रातील औद्योगिक शहरांत आलेल्या परप्रांतीय वा परजिल्ह्यांतील श्रमिकांविषयीही ती दिसते. कोकणातील एकाच भागातून निघालेल्या या दोन समाजांचा इतिहास पाहता, माणूस कोणत्या कागदावर सही किंवा अंगठा करून निघाला आणि उतरल्यावर त्याला कोणता कागद मिळाला, याचा विचार आधी करावा लागतो.